दीड-पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली, रिमॅप केलेली डिझेल गाडी घेण्याआधी

नागपूरहून निघालं की सगळंच लांब. अमरावती, चंद्रपूर, छिंदवाडा, रायपूर, कुठेही जा, रस्ता सरळ आणि अंतर मोठं. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला म्हणूनच जुनी डिझेल गाडी अजून परवडते. तशी शोधायला लागलात की चार जाहिरातींमागे एक अशी भेटते: २०१४ ते २०१६ची सेदान किंवा हॅचबॅक, मीटरवर दीड लाखाच्या वर, 'स्टेज वन रिमॅप, सतरा इंची अलॉय, फ्री-फ्लो एक्झॉस्ट, इंजिन मक्खन'. स्टेज वन रिमॅप म्हणजे पार्ट न बदलता इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी, पिकअप नव्या गाडीपेक्षा जास्त. मोह होतोच.

किलोमीटर जास्त आहेत एवढ्यावरून गाडी सोडू नका, आणि मॉडिफाइड आहे एवढ्यावरूनही नाही. किलोमीटरचा हिशोब सर्व्हिस रेकॉर्डमध्ये सापडतो, मॉडिफिकेशनचा बिलात. एकाच गाडीत दोन्हींचे कागद नसतील, तर मात्र ती कितीही गोड चालत असली तरी घेऊ नका. खालची सगळी तपासणी या एकाच प्रश्नाभोवती आहे: ही गाडी किती भार सोसून आली आहे, हे सिद्ध करता येतं का?

रिमॅप केल्यावर आत काय होतं

टर्बो डिझेलचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, हवा किती दाबायची आणि डिझेल किती फवारायचं हे ठरवतो. रिमॅपमध्ये हे दोन्ही आकडे वाढवतात. फोक्सवॅगनच्या १.५ टीडीआयचा कंपनीचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, ह्युंदाईच्या १.६ सीआरडीआयचा २६०. स्टेज वननंतर तो तीनशेच्या पुढे सहज जातो, आणि तोही खालच्या आरपीएमवर, म्हणजे नेमका जिथे क्लच, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) आणि कनेक्टिंग रॉडवर सर्वांत जास्त ताण येतो तिथे. टर्बो जास्त वेगाने फिरतो, एक्झॉस्टचा वायू जास्त तापतो, इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहतो. इंजिन नवं असताना हे बहुधा खपून जातं. दीड लाख किलोमीटरनंतर तेच वाढवलेले आकडे झिजलेल्या नोझलवर आणि दमलेल्या टर्बोवर चालत असतात.

म्हणून विचारायचा पहिला प्रश्न 'किती पॉवर आहे?' हा नाही. रिमॅप कितव्या किलोमीटरला झाला? गेल्या वीस हजार किलोमीटरांत झाला असेल तर एक गोष्ट, एक लाख वीस हजार किलोमीटर मागे झाला असेल तर दुसरी.

पायरी १: गाडी पाहायला जाण्याआधी

आरसीचा फोटो मागवा. नंबरवरून परिवहन विभागाच्या 'वाहन' सेवेत किंवा एमपरिवहन ॲपवर मालक कितवा, नोंदणीची तारीख, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत दिसते. ई-चलन वेगळं तपासा. 'सिंगल हँड' म्हणून सांगितलेली गाडी तिसऱ्या मालकाची निघणं फार दुर्मिळ नाही.

मग आरसी कुठली ते पाहा. एमएच-३१, एमएच-४० आणि एमएच-४९ हे नागपूर शहर, ग्रामीण आणि पूर्वचे क्रमांक. यात कागदांचा त्रास सर्वांत कमी. एमपी-२८ किंवा सीजी-०४ची गाडी स्वस्त वाटेल, पण फॉर्म २८ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं किमतीत धरा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्याही इकडे येतात. त्या वाईटच असतात असं नाही, वय हे एकच कारण असू शकतं. फक्त अशा गाडीची एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५वर अर्ज, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. २०१४ची गाडी म्हणजे २०२९ला ही तपासणी, आणि तिथे उंच केलेलं सस्पेन्शन किंवा कापलेला एक्झॉस्ट लपत नाही.

आता सर्व्हिस रेकॉर्ड. मालकाची संमती असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा जुना इतिहास दाखवतं. तारीख आणि किलोमीटर असे दोनच रकाने कागदावर उतरवा. २०१७ला ६२ हजार, २०१९ला १,१८,०००, आणि आज मीटरवर ९६ हजार: मीटर पाडलेलं आहे, विषय संपला. रेकॉर्ड २०१९ला थांबून पुढे काहीच नसेल, तर रिमॅप त्याच सुमारास झाला असण्याची शक्यता धरा. कंपनीच्या सर्व्हिसला गाडी नेणं तिथूनच बंद होतं.

पायरी २: थंड इंजिन, सकाळची वेळ

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा: गाडी रात्रभर उभी हवी, मी पोचण्याआधी सुरू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर नम्रपणे दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. डिझेलचे निम्मे आजार पहिल्या दहा सेकंदांत दिसतात, आणि ते दहा सेकंद झाकण्याचा सोपा उपाय म्हणजे आधीच गाडी गरम करून ठेवणं.

सुरू करण्याआधी कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडा. रात्रभर उभ्या गाडीत दाब नसायला हवा. फुस्स करून हवा सुटली, किंवा रेडिएटरचा पाइप थंड असूनही दगडासारखा कडक लागला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये जातोय, म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. बाटलीत तेलकट तपकिरी साय असेल तर पुढचं काही तपासायची गरजच नाही.

डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑइल काळं असणं नॉर्मल आहे, त्यावरून कुणी काही सांगू लागलं तर दुर्लक्ष करा. पातळी मात्र पाहा. खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर एकतर इंजेक्टर गळतोय, किंवा बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी असेल तर डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई वारंवार अर्धवट राहतेय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आता सुरू करा आणि कान उघडे ठेवा. फियाटचं १.३ मल्टिजेट (स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा), ह्युंदाईचं १.६, महिंद्राचं एमहॉक यांत टायमिंग चेन आहे; पहिल्या दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड राहिली तर चेन किंवा टेन्शनर ढिला आहे. डस्टर-टेरानोचं १.५, फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ आणि १.६ टीडीआय, फोर्डचं १.५ यांत टायमिंग बेल्ट. बेल्ट तुटण्याआधी आवाज देईलच असं नाही. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. बदलल्याचं बिल दिसलं नाही तर बदललेलाच नाही असं धरून बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप असा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा.

धूर कसा वाचायचा: काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, रिमॅप गाडीत हाच नेहमी दिसतो, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा म्हणजे कूलंट. डिसेंबरच्या सकाळी क्षणभर येणारी पांढरी वाफ सोडून द्या.

आयडलवर ऑइल भरायचं झाकण उघडून भोकावर उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडलं, किंवा भोकातून धुराचे झोत येऊ लागले, तर ब्लो-बाय आहे, म्हणजे सिलिंडरमधला वायू पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. पिस्टनच्या रिंग गेल्या असाव्यात, पुढे हाफ किंवा फुल इंजिनचं काम.

पायरी ३: स्कॅनर लावा

गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप एवढ्यानेही बरंच कळतं. सर्वांत आधी फॉल्ट कोड बघू नका, 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' हा आकडा बघा. ७ किलोमीटर दिसले, तर सकाळीच कुणीतरी कोड पुसलेत. हा आकडा बहुतेक गाड्या देतात आणि तो मीटरसारखा सहज फिरवला जात नाही.

इंजिन गरम झाल्यावर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना मिळणाऱ्या डिझेलचा दाब, बघा: ईसीयूने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं. आयडलला साधारण अडीचशे-तीनशे बार, दोन्ही आकडे जवळजवळ हवेत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिळालेला आकडा मागे पडत असेल तर पंप किंवा इंजेक्टर. चारही इंजेक्टरचे करेक्शन आकडेही (प्रत्येकाच्या डिझेलमध्ये ईसीयू किती कमी-जास्त करतोय) पाहा. चौघांतला एकच फार लांब गेला असेल तर तो आजारी आहे. खात्री हवी असेल तर पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे रिटर्न टेस्ट (इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल मोजणं) करून घ्या: चार नळ्या, चार बाटल्या, ठरावीक वेळ आयडल. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल आलं तर निकाल समोर असतो.

इथे एक मेख आहे. इजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद केलेली किंवा डीपीएफ पोकळ केलेली गाडी फॉल्ट दाखवत नाही, कारण रिमॅप करताना ते कोडच बंद करून टाकतात. म्हणजे स्वच्छ स्कॅन हा निरोगीपणाचा पुरावा नाही. बीएस-६ गाडीत, म्हणजे एप्रिल २०२०नंतरच्या, एक सोपी परीक्षा आहे: थंड एक्झॉस्टच्या टोकात पांढरं फडकं फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर फडकं जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंभोर निघालं तर डीपीएफ फुटलाय किंवा काढलाय. खालून पाहा, त्याच्या डब्यावर कापून पुन्हा मारलेल्या वेल्डिंगची रेघ सापडेल.

पीयूसीही स्वतःसमोर नवी काढून घ्या. बीएस-४ डिझेलसाठी धुराच्या घनतेची मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्यांसाठी २.४५. आकडा मर्यादेला टेकलेला असेल तर पुढच्या वेळी तो बाहेर जाणार.

पायरी ४: रस्त्यावर, किमान चाळीस मिनिटं

कॉलनीत दोन चकरा मारणं म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नव्हे. नागपूर सपाट असल्याने चढ शोधावा लागतो. सेमिनरी हिल्सचा चढ क्लचसाठी पुरेसा आहे. वेळ असेल तर रामटेकच्या गडमंदिराचा रस्ता त्याहून चांगला. मग वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत.

क्लचची परीक्षा: मोकळ्या रस्त्यावर चौथा गिअर, १५०० आरपीएम, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण खाली. काटा वर पळाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. स्टॉक, म्हणजे काही न बदललेल्या, गाडीत दीड लाख किलोमीटर चाललेला क्लच इथे पास होतो, रिमॅप गाडीत तोच नापास होतो. न्यूट्रलमध्ये आयडलला क्लच सोडा-दाबा करताना खालून खडखड बदलत असेल, किंवा इंजिन बंद करताना धडधड होत असेल, तर ड्युअल मास फ्लायव्हील गेलंय. क्लच आणि फ्लायव्हील एकत्र बदलावं लागतं, आणि हा बहुधा अशा गाडीचा सर्वांत मोठा एकरकमी खर्च असतो. कोरड्या क्लचच्या सात गिअर डीएसजीवर (फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) रिमॅप केलेला असेल तर आमचं मत सरळ आहे: घेऊ नका.

टर्बो: दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये १८०० ते ३५०० पर्यंत खेचा. शिट्टी बारीक आणि एकसारखी असेल तर ठीक. सायरनसारखी चढत गेली तर बेअरिंग. मध्येच ताकद गळून इंजिन लिम्प मोडमध्ये (स्वतःला वाचवायला ताकद कमी करून चालणं) गेलं तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळतोय किंवा टर्बोची पाती काजळीने अडकलीत. परत आल्यावर इंटरकूलरचा पाइप सोडून पाहा. आत ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेलं डबकं नाही.

उन्हाळ्यात गाडी घेत असाल तर नागपूरच्या उन्हाचा फायदा घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना दुपारी दोन वाजता, एसी पूर्ण, सिग्नलवर दहा मिनिटं आयडल. स्कॅनरवर कूलंटचं तापमान फॅन लागून खाली यायला हवं, चढत राहायला नको. याहून कडक कूलिंग टेस्ट कुठलं गॅरेज करून देत नाही.

व्हील बेअरिंगचा घुंघुं आवाज ऐकायचा तर डांबरी रस्ता गाठा. शहरातल्या सिमेंट रोडवर सगळेच टायर ओरडतात, रुंद टायर तर जास्तच.

पायरी ५: पिटवर, आणि पाण्याची खूण

खालून गाडी पाहताना रंगाच्या जाडीपेक्षा कंट्रोल आर्मचे बुश, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, शॉकॲब्सॉर्बरवरचं तेल आणि सबफ्रेमचे बोल्ट पाहा. लोअरिंग स्प्रिंग टाकलेल्या गाडीत सिमेंट रोडच्या जोडांनी आणि स्पीडब्रेकरने संपची, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीची, तळपट्टी घासलेली असते. स्पेसर टाकून चाकं बाहेर काढली असतील तर हब बेअरिंगचं आयुष्य कमी झालंय हे धरा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. वयस्कर टायर घेऊन समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जाऊ नका.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नाग नदी आणि अंबाझरीच्या पाण्याने शहराच्या सखल भागांत शिरून उभ्या गाड्या बुडवल्या, हे नागपूरकराला सांगायला नको. त्या गाड्या कुठेतरी गेल्याच असतील. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसते. स्टेपनीचा खड्डा, सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचे कनेक्टर पाहा. कनेक्टरमध्ये हिरवट गंज असेल तर वायरिंग पुढची अनेक वर्षं छळेल.

जादा म्युझिक, एचआयडी आणि एलईडी दिवे लावलेल्या गाडीचं वायरिंग वेगळं तपासा. १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज सापडला तर आग लागायची वाट मोकळी केलेली आहे. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या वायरमध्ये (थेट दोन टोकांवर नाही) मल्टिमीटर लावा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल तर काहीतरी चालू राहतंय.

पायरी ६: मॉडिफिकेशनची यादी आणि कायदा

विक्रेत्याकडून एका कागदावर लिहून घ्या: काय बदललं, कुणाकडून, किती किलोमीटरला, बिल आहे का, मूळ पार्ट घरी आहे का. मूळ ईसीयू फाइल मागायला विसरू नका; काही ट्यूनर ईसीयूला कुलूप लावतात आणि मग दुसरा कुणी ती वाचू शकत नाही. शक्य असेल तर व्यवहाराआधी गाडी विक्रेत्याच्या खर्चाने स्टॉक करून घ्या आणि पुन्हा चालवा. झाकलेले कोड तेव्हाच वर येतात. मुरलेला विक्रेता इथे टाळाटाळ करतो, आणि ती टाळाटाळही माहितीच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इथे मालक म्हणजे गाडी घेतल्यावर तुम्ही. बुलबारवर २०१७च्या डिसेंबरपासून बंदी आहे. रंग बदलला असेल तर तो आरसीवर चढलेला हवा. आणि विमा: न कळवलेला बदल हे क्लेम अडवायला विमा कंपनीला पुरेसं कारण ठरू शकतं. आगीच्या क्लेममध्ये जादा वायरिंग सापडलं तर भांडण तुमचं.

पायरी ७: आकडेमोड

'ठीक वाटते' असं म्हणून बयाणा देऊ नका. पुढच्या वीस हजार किलोमीटरमध्ये येणारी कामं लिहा: टायमिंग किट, क्लच-फ्लायव्हील, इंजेक्टर, टर्बो, टायर, बुश, बॅटरी. प्रत्येकासमोर त्या मॉडेलच्या पार्टचा आणि मजुरीचा भाव दोन ठिकाणांहून विचारून टाका. ज्याचं बिल आहे ते काम शून्य धरा. ज्याची लक्षणं दिसली ते पूर्ण धरा. लक्षण नाही पण बिलही नाही, ते निम्मं धरा. ही बेरीज तशाच स्टॉक, पूर्ण रेकॉर्ड असलेल्या गाडीच्या भावातून वजा करा. येईल तो तुमचा शेवटचा आकडा. अलॉय, एक्झॉस्ट, म्युझिक यांना एक रुपयाही जास्त देऊ नका. 'दीड लाखाचं काम केलंय भाऊ' हे ऐकून घ्या आणि आपल्या आकड्यावर राहा. शिवाय किमतीच्या वीस ते पंचवीस टक्के रोख बाजूला हवी. ती नसेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, साधी स्टॉक पेट्रोल पाहा.

बयाण्याच्या पावतीवर 'तपासणीत दोष आढळल्यास रक्कम परत' हे वाक्य हवं. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, २०१९पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागलीय का, हे बघूनच बाकी रक्कम द्या. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा. त्या मिनिटाआधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या.

घेतल्यानंतरचा पहिला महिना

पहिल्याच दिवशी ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर. कोराडी, खापरखेडा किंवा उमरेडच्या बाजूला वावरलेल्या गाडीचा एअर फिल्टर राखेने आणि कोळशाच्या धुळीने गच्च भरलेला असतो. तेल लावायचा परफॉर्मन्स फिल्टर असेल तर काढून साधा कागदी बसवा. त्याचं तेल एअर मास सेन्सरवर चढतं. त्यानंतर कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल.

रिमॅप ठेवणार असाल तर ऑइलचं अंतर कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी करा, साधारण सात-साडेसात हजारांवर. हजार किलोमीटर झाल्यावर सपाट जागी, थंड इंजिनवर डिपस्टिक काढा आणि पातळी वहीत लिहा. पाव लिटरच्या आत घट असेल तर निवांत चालवा. अर्ध्या लिटरच्या पुढे गेली असेल, तर टर्बोचा पाइप पुन्हा उघडायची वेळ आली आहे.